कायमचं तिकीट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
माझ्या टपालगाडीतली पत्रं एकसारखी दिसायला लागतात.
सेंट जॉन नदीच्या या काठावर, मेन राज्याच्या पार टोकाला,
साठ डब्यांत साठ पाकिटं,
सरकारी, पातळ, खिडकीवाली.
कुणाच्या स्वयंपाकघरात आज दिवा उशिरापर्यंत जळेल
ते मी पत्ता न वाचता सांगते.

रोझेला सिर डब्यापाशीच उभी असते,
मेलेल्या नवऱ्याच्या बुटांत पाय घालून,
बर्फात.
एकतीस वर्षं बटाटे सोलणाऱ्या यंत्राशी उभी राहिलेली बाई,
उभं राहण्याचं तिला काही वाटत नाही.
पाकीट माझ्यासमोरच फोडते.
अठ्ठावीस डॉलर, म्हणते. वाढ.
दहा डॉक्टरच्या विम्याचे, ते वरच्यावर कापणार.
आठ घरभाड्याचे, कारण पेन्शन वाढली की भाडं वाढतं.
सात धान्याच्या कार्डातून कमी,
कारण आता मी पैसेवाली झाले ना!
वरची चिल्लर तर ते आधीच झटकतात,
टेबलावरचे पावाचे कण झटकावेत तशी.

उरलं ते ती बोटांनी दाखवते.
तीन.

"माझी गेली तेवढीच," पलीकडच्या पायरीवरून
नॉर्मंड थिबोडो ओरडतो.
कागदाच्या गिरणीत, रोलरखाली, दोन हजार चार साली.
मग पाठ गेली, मग बायको ओटावाला.
त्याला दर काही वर्षांनी एक फॉर्म येतो:
आपण अजूनही अपंग आहात का?
तो डाव्या हाताने लिहितो,
बोटं अद्याप आलेली नाहीत, आली की कळवतो.
आजचं पाकीट त्याने उघडलेलंच नाही,
त्यावर कॉफीचा कप ठेवलाय.

मी एकदा लायब्ररीत बसून वाचलं, ही वाढ ठरते कशी.
कुठेतरी एक टोपली आहे म्हणे.
त्या टोपलीत कामावर जाणाऱ्या माणसांचं सामान,
गाडीचं पेट्रोल, पोराचे दप्तर-बूट, दुपारचा डबा.
रोझेलाच्या कानातल्या यंत्राचे सेल
त्यात कुठल्या कोपऱ्यात असतील, कोण जाणे.
आणि टोपली मोजतात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरात.
तेव्हा आमच्याकडे खिडक्या उघड्या असतात,
तळघरातली तेलाची टाकी कुणाच्या लक्षातही नसते.
पैसे येतात जानेवारीत.
उणे तीस.
टाकीचा काटा लाल रेघेखाली,
आणि वरातीमागून हे घोडं, दमलेलं,
नालाला बर्फ चिकटलेलं.

एका वर्षी तर वाढ शून्य होती.
शून्याचंही पत्र आलं, तेवढंच जाड,
तेवढ्याच आदराने 'प्रिय लाभार्थी' म्हणणारं.
त्या वर्षी मला डबे बंद करताना
आवाज होऊ नये असं वाटत होतं.

मलाही चार वर्षं उरलीत.
रात्री मीही आकडे मांडते, मग खोडते.
गुडघा आत्ताच टक्केवारीत बोलतो.

रोझेला मला जाऊ देत नाही.
"तिकिटं आहेत का? कायमवाली?"
ज्यांवर किंमत छापलेली नसते, ती.
आज घ्या, दहा वर्षांनी लावा,
टपाल कितीही महागलं तरी पत्र पोचतं.
हिशेबाने चार येतात. आठ सेंट परत.
ते ती मोजून घेते.

कुणाला लिहितेस गं इतकी?
अजून कुणालाच नाही, म्हणते.
खणात एकशे बारा झाली आहेत.
हातमोजा काढून
एकेका तिकिटावरून अंगठा फिरवते,
मग चारही आतल्या खिशात,
छातीशी, जिथे ती ओलसणार नाहीत.

माझं इंजिन चालूच आहे.
पुढचा डबा वेलेट म्हातारीचा.
तिचं पाकीट मी सगळ्यांत खाली ठेवलंय,
उगाच,
दोन मिनिटं उशिरा मिळावं म्हणून.